मुली कशा पळतात, मास्तर?

मास्तर, आपला वाद अर्धाच राहिला. मागच्या महिन्यात उमरग्याला तुमच्या घरून निघताना मी म्हणाले होते, "पुढच्या खेपेला येते आणि तुम्हाला पटवूनच जाते." तुम्ही खाटेवरून हात हलवलात. "ये तर खरी. मी कुठं जातोय?" परवा मी आले, तर तुम्हाला न्यायची तयारी चालली होती.

लोक विचारत होते, ही लिंगायत बाई मास्तरांची कोण? विद्यार्थिनी म्हणावं तर मी तुमच्या शाळेत कधी बसलेच नाही. नळदुर्गला तुम्ही चित्रकला शिकवायचात ती शाळा मुलांची, सगळं उर्दूत. मी मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकले. पण आपल्या दोन घरांत एक मातीची भिंत होती, आणि तिला माझ्या गुडघ्यांनी पाडलेली एक खाच होती. त्या खाचेतून मी तुमच्या अंगणात उतरायची. तुमची शमीम माझ्याच वयाची. जे काही शिकले ते त्या अंगणात, तिच्याशेजारी बसून.

तुम्ही तो डबा केलात तेव्हा आम्ही दहा वर्षांच्या असू. कुठल्याशा उर्दू मासिकात तुम्ही त्याचं चित्र पाहिलं होतं. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही गोल वळवलात, आत काजळी फासलीत, वरच्या कडेला छिन्नीनं बारा उभ्या फटी पाडल्यात. तेव्हाच तुमच्या डाव्या अंगठ्याला पत्रा लागला आणि नख कायमचं दुभंगलं. खाली भोवऱ्याची आर बसवलीत. आत कागदाची पट्टी, तिच्यावर एकाच बकरीची बारा चित्रं. डबा फिरवला आणि फटीला डोळा लावला, तर बकरी उडी मारायची.

शमीम ओरडली नाही, मीही नाही. आम्ही दोघींनी डब्याच्या मागं जाऊन पाहिलं, बकरी कुठं आहे म्हणून. तुम्हाला ते फार आवडलं. "बराबर," म्हणालात, "आधी मागं बघायचं."

मग महिनाभर आम्ही पट्ट्याच काढल्या. जुन्या परीक्षेच्या पेपरांची पाठ आणि तुमच्या बोरूची शाई. पाखरू उडवलं, मोट ओढणारा बैल चालवला. एक दिवस तुम्ही म्हणालात, "आता गोष्ट काढा. एक चोर पुढं पळतोय, एक माणूस मागं." दोघींना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलंत, एकमेकींचं बघायचं नाही म्हणून.

मी चोर काढला तो दाढीवाला आणि लाल रुमी टोपीचा. शमीमनं काढला तो धोतर नेसलेला, मोठ्या पोटाचा, डोक्याला पागोटं. तुम्ही दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यात आणि बराच वेळ बघत राहिलात. तुम्ही स्वतः रुमी टोपी घालायचात, हे मला तेव्हा ध्यानात आलं आणि माझे कान तापले.

"गिरिजा, तू चोर पाह्यलाय कधी?"

"न्हाय."

"मग दाढी कुठं दिसली?"

मी तुमच्या दाढीकडं बघितलं आणि खाली बघितलं. "घरात बोलतात," म्हणाले. काय बोलतात ते तुम्ही विचारलं नाही. शमीमला विचारलंत, "आणि हे पोट?" तिनं सरळ भिंतीकडं बोट केलं. "अप्पांचं." माझ्या वडलांचं. मला राग आला आणि हसूही आलं, आणि मग तुम्हीही हसलात.

रागावला असतात तर मी विसरून गेले असते. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढ्याशा पोरींच्या डोक्यात ही माणसं आली कुठून. तुम्ही म्हणालात, "मी तुमच्याएवढा असतो तर गावाबाहेरच्या पालातला माणूस काढला असता. पालातल्या माणसानं आमचं कधी काही नेलं नव्हतं. तरी तोच काढला असता."

मग आम्ही नखाएवढ्या टोप्या कापल्या आणि एवढीएवढीशी पागोटी, आणि खळ लावून माझ्या चोराला पागोटं, शमीमच्या चोराला टोपी चिकटवली. सगळी दुपार त्यात गेली. डबा फिरवला. चोर तस्साच पळत होता. मग तुम्ही टोप्या, पागोटी, दाढ्या, पोटं सगळं गाळून नवी पट्टी काढलीत. नुसती दोन माणसं, एक पुढं, एक मागं, बारा वेळा. फिरवल्यावर डबाभर माणसांची एक रांग पळायला लागली आणि कोण कुणाच्या मागं आहे तेच कळेना. शमीम म्हणे हा चोर, मी म्हणे त्याच्या मागचा. आमचं भांडण लागलं.

"मग चोर वळखायचा कसा?" मी विचारलं.

"हातानं दाखवा," तुम्ही म्हणालात. "त्यानं काय केलं ते काढा. डोक्यावर काय घातलंय ते कशाला?"

आम्ही एकाच्या हातात तांब्या काढला. तेवढ्यानं भांडण मिटलं.

हे मी पुढं पस्तीस वर्षं माझ्या शाळेतल्या पोरांना सांगितलं. त्याच्या पुढचं मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात तुम्ही हरलात असं मला वाटतं, आणि तुमच्यामागं ते बोलणं बरं वाटत नव्हतं. आता तुम्हालाच सांगते.

आम्ही म्हणालो, मुलगी पळवा. तुम्ही मुलगी काढलीत. पण तिच्या डोक्यावर घागर होती आणि ती चालत होती. घागर उतरवा म्हणालो, तेव्हा तुम्ही घागर उतरवलीत आणि तिला पळवलंत. एवढीएवढी पावलं, एक हात ओढणीला, मान खाली. शमीमनं फटीतून पाहिलं आणि माझ्याकडं डबा सरकवला.

"ही पळत न्हाय मास्तर," मी म्हणाले. "हिचं पोट दुखतंय."

"मग मुली कशा पळतात?"

तुम्ही मनापासून विचारलंत. मी उठले, परकर गुडघ्यापर्यंत खोचला आणि अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेले, लिंबाला हात लावून परत आले. धापा टाकत तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसला होतात.

"बघितलंत का?"

"बघितलं, बघितलं. बस आता. परकर सोड."

तुम्ही बघितलं नव्हतं. पट्टी तशीच राहिली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालात, "बेटा, बघणाऱ्याला पटलं पायजे. अशी मुलगी दाखवली तर लोकं हसतील." लाल टोपीचा चोर लोकांना लगेच पटला असता, हे उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं तेव्हा मी तीस वर्षांची होते, दोन लेकरांची आई, आणि माकणीच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवत होते.

त्यानंतर वर्षाभरात अप्पांनी भिंतीतली खाच विटा लावून बुजवली. "तिकडं जायचं न्हाय आता," एवढंच म्हणाले. रझाकारांचे दिवस आले होते. मोठी माणसं आमच्यासमोर बोलायची थांबली. शमीम भिंतीपलीकडं असायची, तिची खोकला काढल्यासारखी खूण यायची, मी इकडून खोकायची, बस. मग बाजारात आमचं कापडाचं दुकान जाळलं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी आम्हाला गाडीत घालून सोलापूरला मामाकडं नेलं. निघताना मी तुमच्या दाराकडं बघितलं, दार बंद होतं. तुम्ही आत होतात का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

आम्ही परतलो ते पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर. आता पळायची पाळी दुसऱ्यांची होती. तुमचं दार मोडलेलं, घरात भांडं नाही, डबाही नाही. शमीम आणि तिची आई, माझी खाला, गुलबर्ग्याला माहेरी पोचल्यात, एवढं कुणीतरी सांगितलं. तुमचं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि असलं तरी कुणी बोलत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी माझी आई, अव्वा, आणि मी बोरी नदीवर धुणं धूत होतो. एक माणूस काठानं आला. धोतर, उघडं डोकं, गुळगुळीत हनुवटी, आठ दिवस पोटात काही नसल्यासारखा. त्यानं ओंजळ पुढं करून पाणी मागितलं, तोंडानं बोलला नाही. नदी शेजारी वाहत होती आणि हा माणूस आमच्याकडं पाणी मागत होता. अव्वानं तांब्या ओतला. तेव्हा मला अंगठ्याचं ते दुभंगलेलं नख दिसलं.

मी काही बोलायच्या आत वरून दोघं उतरले. हातात काठ्या. गावातलेच, तोंडओळखीचे.

"ए, कोन रं तू? कुठला?"

तुम्ही गप्प. तुमची मराठी दुसऱ्या शब्दाला तुम्हाला उघडं पाडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं, मलाही.

"आमचे मामा हायत," मी म्हणाले. "अक्कलकोटाकडचे. त्यांना मराठी येत न्हाय, कानडी बोलतात." आणि तुमच्याकडं वळून म्हणाले, "मामा, नडीरी मनीगे." चला घरी.

तुम्हाला कानडीचा एक शब्द कळत नव्हता. तरी तुम्ही उठलात. त्या दोघांतला एक पुढं सरकला आणि तुमचं तोंड निरखून बघायला लागला. तेवढ्यात अव्वानं ओल्या धुण्याचं सगळं गाठोडं उचललं आणि तुमच्या डोक्यावर ठेवलं. वर तिची चोळी, माझा परकर, सगळं लोंबत होतं. पाणी तुमच्या तोंडावरून ओघळायला लागलं.

"नुसतं बसून खात्यात दादला न् भाऊ," ती त्या दोघांना म्हणाली. "निदान धुणं तरी वाहील."

ते हसले. बायकांची लुगडी डोक्यावर घेऊन चाललेला गडी, त्याला कोण घाबरणार आणि त्याच्यावर कोण संशय घेणार. एकजण म्हणाला, "मामा, सांभाळून, चोळी पडंल." तुम्ही पुढं, मधे मी, मागं अव्वा, असे आपण चढ चढून गावात आलो. वाटेत भेटलेलं प्रत्येक माणूस हसलं. माझी अव्वा चार बुकं शिकलेली नव्हती. पण पुरुषानं काय करायचं नसतं हे लोकांच्या डोक्यात किती पक्कं आहे, ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि त्याच्याच आडून तिनं तुम्हाला घरी आणलं.

घरी अप्पा होते. त्यांनी तुम्हाला लगेच ओळखलं. बोलले ते अव्वाशी.

"माझ्या दुकानाची राख झाली, अन् तू ह्यांना घरात आणलंस?"

"दुकान ह्यांनी जाळलं का?" अव्वानं विचारलं.

अप्पा दारातून बाजूला झाले. "चार दिस," म्हणाले. "जास्त न्हाय."

तुम्ही मागच्या कोठीत राहिलात, कडब्याशेजारी. भाकरी घेऊन मी यायची. मला वाटायचं तुम्ही रडत असाल. तुम्ही विचारलंत, "मनीगे म्हणजे घरी ना? मग मनी म्हणजे घर?" मी हो म्हणाले. "आणि नडी म्हणजे चल?" चार दिवसांत तुम्ही माझ्याकडून पाण्याला, भाकरीला, दाराला, आईला कानडीत काय म्हणतात ते सगळं काढून घेतलंत. बाहेर माणसं तुम्हाला शोधत होती आणि तुम्ही आत बसून कानडीत एकवचनाचं अनेकवचन कसं करतात ते विचारत होतात. तुमच्याइतका चौकस माणूस मी नंतर पाहिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अप्पा कोठीच्या दारात आले. घरात आणल्यापासून तुमच्याशी ते पहिल्यांदा बोलले. "मास्तर, गाडी जुंपलीय. मी येतो संगं. एकटं नगा जाऊ." तुम्हाला गुलबर्ग्याला पोचवून ते तिसऱ्या दिवशी परतले. वाटेत तुम्ही दोघं काय बोललात ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तुम्हीही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "बैलांविषयी."

पुढं तुम्ही उमरग्याला आलात, शाळेत लागलात. दाढी पुन्हा ठेवलीत, टोपी नाही. मला माकणीला नोकरी लागल्यावर वर्षातून दोन-तीनदा तरी येणं व्हायचं. नदीवरच्या त्या दिवसाविषयी मात्र आपण कधी बोललो नाही. तुम्हाला भीती जास्त वाटली होती की लाज, हे मला विचारायचं होतं. प्रत्येक खेपेला चहा यायचा आणि मी दुसरंच काही बोलायची.

आणि मग मागचा महिना. शमीमच्या नातीनं, निलोफरनं, चित्रांचा मोठा सिनेमा लावला होता. दोन तासांचा, रंगीत, माणसं, झाडं, घोडे, सगळं हातानं काढलेलं. तुम्ही खाटेवर उशा लावून बसलात. तुमचे डोळे अधू, पण तुम्ही पडद्याच्या इतके जवळ सरकलात की निलोफर कुरकुरली.

वाईट माणूस आला. सावळा, वाकड्या नाकाचा, परदेशी झग्यातला, बोलणं जाडंभरडं. त्यानं अजून काही केलंही नव्हतं.

"टोपी," तुम्ही हळूच म्हणालात.

"टोपी," मी म्हणाले.

"इतकी माणसं, इतका पैसा, आणि अजून टोपीच." तुम्हाला वाईट वाटलं नव्हतं, आश्चर्य वाटलं होतं. "का बरं? आळस असेल का?"

मग ती मुलगी आली. भिंत चढली, छपरावरून उडी मारली आणि गल्लीतून पळत सुटली, केस मोकळे, दोन्ही हात मोकळे. निलोफर टाळ्या पिटत होती. मी सिनेमा सोडून तुमच्याकडं बघत होते. तुम्ही तोंड वळवलं नाही. डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघितलंत.

"अशी पळतात होय," म्हणालात.

पन्नास वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती, आणि आलं तेव्हा मी काय केलं? भांडले. "अशी बी न्हाई पळत मास्तर. हिची कंबर बघा, मुठीत मावंल. श्वास कुठून घेती ही? आणि एवढं पळून शेवटी लग्नच."

तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात. "आधी पळू तर दे तिला. कमरेचं मागून बघू."

"मागून म्हणता म्हणता माझं आयुष्य गेलं."

"आणि आई?" तुम्ही एकदम विचारलंत. "हिची आई सुरुवातीलाच मारली. का मारतात? मुलीला पळवायचं तर आधी आई मारावी लागते का ह्यांना?" मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुझी आई तर होती."

तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही दार उघडलं होतं. पण निलोफर म्हणाली, गप बसा की दोघं, आणि आपण गप बसलो. एस.टी.ची वेळ झाली. आधी पळू दे की सगळं एकदमच मागायचं, हा वाद तसाच राहिला. मी अजून माझ्याच बाजूची आहे. पण तुम्ही बघितलंत, तोंड न वळवता बघितलंत, हे मी तेव्हा बोलून दाखवायला हवं होतं, मास्तर. ते बोलायचं सोडून मी कमरेवर भांडत बसले.

परवा तुम्हाला नेलं तेव्हा बायका घरात राहिल्या. मी आणि शमीम दारात उभ्या होतो. खांदेकरी कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होते. आम्ही तुमच्यामागं कब्रस्तानात यायचं की नाही, ह्या बाबतीत तुम्ही काही सांगून गेला नव्हतात, आणि तुम्ही होतात तोवर आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं. शमीम आत जाऊन बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. संध्याकाळी म्हणाली, "गिरिजा, उद्या राहतीस?" मी राहिले.

सकाळी ती बुरखा घालून माझ्यापुढं उभी राहिली. "चल," म्हणाली. कुठं ते मी विचारलं नाही. तिचे गुडघे गेलेत, माझे जायला लागलेत. दोघी हळूहळू कब्रस्तानापर्यंत गेलो. फाटकाशी राखणदार होता, म्हातारा, खराटा मारत होता.

"बायका आत येत न्हाईत, अम्मा," तो शमीमला म्हणाला. दरडावून नाही, माहिती दिल्यासारखा.

"बाप माझा हाय," शमीम म्हणाली.

त्यानं खराटा फाटकाला टेकवला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. इरकल लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.

"आणि ह्या कोण?"

शमीमनं तोंड उघडलं होतं, पण मी आधी बोलले. "मी धाकटी," म्हणाले.

त्यानं माझं कपाळ पाहिलं, शमीमचा बुरखा पाहिला, पुन्हा माझं कपाळ पाहिलं. काय विचार केला कुणास ठाऊक. मग फाटकाची कडी काढली, आणि माती ओली आहे, पाय जपून टाका म्हणाला.